बटण कोणाच्या हाती

1978 चा उन्हाळा. नेदरलँड्समधल्या एडे गावी ‘हार्टेनबर्ग’ नावाच्या निवासी संस्थेच्या आवारात एक तंबू उभा राहिला. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं या संस्थेत राहत. त्यांतल्या अनेकांना बोलता येत नव्हतं, काहींना चालताही. तंबूत एक पंखा कागदाचे कपटे उडवत होता. पाण्यात शाई सोडून तिचे हलते रंग पडद्यावर पाडले होते. एका बाजूला वाद्यं, दुसरीकडे हाताळायच्या मऊ-खरखरीत वस्तू, वासाच्या छोट्या बाटल्या, चाखायला थोडंफार काही. धडा नव्हता, व्यायाम नव्हता. ज्याला जिथे रमावंसं वाटेल तिथे त्यानं रमावं आणि कंटाळा आला की बाहेर यावं, एवढाच नियम.

आंगणेवाडीच्या जत्रेत रात्रभर हिंडलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. उजेड, वास, वाजंत्री, खाजं, धक्काबुक्की हे सगळं आपल्याला वर्षातून एकदा हवंच असतं. फरक इतकाच की हा तंबू ज्यांच्यासाठी होता, त्यांच्यापर्यंत जत्रा पोचत नसे. यान हुल्सेखे आणि आड व्हेरहूल या संस्थेतल्या दोघांनी ती त्यांच्याजवळ आणली. पुढे तंबूच्या जागी कायमच्या खोल्या आल्या आणि त्या प्रकाराला ‘स्नूझेलन’ हे नाव मिळालं. हुंगत फिरणं आणि पेंगणं अशा अर्थाच्या दोन डच शब्दांची ती गंमतीदार मोट आहे. त्याच विषयावरचं दोघांचं पुस्तक 1986 मध्ये आलं, वर्षभरात त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि ही कल्पना युरोपभर गेली.

आज ज्याला बहुसंवेदी खोली म्हणतात, तिची कहाणी साधारण इथून सांगतात. पण पंखा आणि शाई काही 1978 साली नव्याने सापडलेली नव्हती. मग हे आधी का सुचलं नाही? उत्तर आपल्या मालवणीतल्या एका प्रश्नात आहे. बिछान्यावर पडून असलेल्या मुलाकडे बघून शेजारीण हळहळते आणि म्हणून जाते, “तेका काय कळता?” तिच्या मनात वाईट काही नसतं. पण हाच प्रश्न, जास्त जड भाषेत, डॉक्टर, शिक्षणखाती आणि कायदेही विचारत होते, आणि उत्तर ठरलेलं होतं: काही नाही. इंग्लंडमध्ये 1970 चा कायदा येईपर्यंत अशी मुलं शिक्षणाला अपात्र ठरवून शाळाव्यवस्थेच्या बाहेरच ठेवली जात. 1971 च्या एप्रिलपासून तिथल्या प्रत्येक मुलाला, त्याचं अपंगत्व कितीही तीव्र असलं तरी, शिक्षणाचा हक्क मिळाला. तेव्हा शिक्षकांपुढे पेच उभा राहिला. ज्याला पाटी दिसत नाही, पेन्सिल धरता येत नाही, आपलं नाव ऐकून मान वळवता येत नाही, त्याला शाळेत आणून करायचं काय?

थोडं मागे जावं लागेल. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या मार्गदर्शनाखाली एक विचित्र प्रयोग झाला. धडधाकट विद्यार्थ्यांना दिवसाला 20 डॉलर द्यायचे आणि त्यांनी फक्त पडून राहायचं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानाशी एकसुरी गुणगुण. फुकटची कमाई वाटत होती, पण दोन-तीन दिवसांच्या पुढे फार थोडे टिकले. विचारांचा धागा तुटू लागला, काहींना नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. मेंदूला बाहेरून काही मिळालं नाही, तर शहाणासुरता माणूसही ढासळतो, हे त्यातून कळलं. 1966 मध्ये क्लीलंड आणि क्लार्क या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हीच नजर संस्थांतल्या मुलांकडे वळवली. पांढऱ्या भिंती आणि रिकाम्या दालनांत वर्षानुवर्षं ठेवलेली ही मुलं डोलत बसतात, डोकं आपटतात, स्वतःला चावतात. हे सगळं त्यांच्या अपंगत्वाचंच लक्षण कशावरून? उपाशी माणूस मिळेल ते तोंडात घालतो, तसं हे नसेल कशावरून? त्यांनी शब्दही खानावळीतलाच वापरला, ‘संवेदनांचा कॅफेटेरिया’. अनेक पदार्थ मांडून ठेवा, मूल काय उचलतं ते बघा. हार्टेनबर्गच्या तंबूची बीजं इथे आहेत.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं?

महाराष्ट्रातली सुरुवात युरोपच्या फार मागे नव्हती, पण तिची वाट वेगळी होती. 1941 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीनं मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी निवासगृह काढलं. हा शब्द तेव्हाचा आहे, आज तो वापरत नाहीत. 1944 मध्ये जय आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्यानं आपल्या मुलीच्या गरजेतून मुंबईत शाळा सुरू केली, तीच आजची जय वकील शाळा. 1964 मध्ये पुण्यात कामायनी ही शाळा आली. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी केंद्र उघडलं, कारण त्यांची मुलगी मालिनी हिला कुठलीच शाळा घेत नव्हती. त्यातून स्पास्टिक्स सोसायटी उभी राहिली. नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या. 1977 मध्ये नाशिकला रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं, तेही पोटच्या मुलासाठी शाळा नाही म्हणून. त्याच वर्षी मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी हेलन केलर संस्था सुरू केली. ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही अशा मुलांसाठी ही देशातली पहिली संस्था.

या यादीतली नावं वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. यातल्या बऱ्याच संस्था आयांनी काढल्या. सरकार मागून आलं, अनुदान त्याहून मागून. आणि सगळ्या संस्था शहरांत. मालिनी चिब पुढे एका बोटानं टाइप करत शिकल्या, इंग्लंडला जाऊन पदव्या घेतल्या आणि त्या बोटाचंच नाव देऊन आत्मचरित्र लिहिलं. तिला काय कळतं, या प्रश्नाला आपल्याकडे मिळालेलं हे सर्वांत ठणठणीत उत्तर. पण ते कुलाब्यात मिळालं. वेंगुर्ल्यात किंवा देवगडात 1966 साली जन्मलेल्या तशाच मुलीच्या वाट्याला यातलं काय येणार होतं?

सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झालेलाही नव्हता. रत्नागिरीतून तो वेगळा निघाला 1 मे 1981 रोजी. घरातला कर्ता पुरुष गिरणगावात, घर मनीऑर्डरीवर आणि मूल आजीच्या नजरेखाली. संस्थांतली ती पांढरी, रिकामी दालनं इथे नव्हती, हे खरं. माजघरात पडलेल्या मुलाच्या कानावर पाऊस, कोंबडा, जातं, भजन सगळं पडत होतं, नाकाला भाजलेल्या बांगड्याचा वास येत होता. म्हणून काही जण सांगतात की आपल्या घरांत संवेदनांचा दुष्काळ नव्हताच. मला हे अर्धंच पटतं. आवाज आणि वास आपोआप येत राहिले, पण त्या मुलाला त्यातलं काहीच मागता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं, पुन्हा आणता येत नव्हतं. या ‘पुन्हा’पाशी आपल्याला परत यायचंच आहे.

आपल्या मातीतला एक मोठा लेखक या विषयाला थेट भिडला, त्याचं नाव इथे घ्यायला हवं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वाढलेले जयवंत दळवी. त्यांच्या ‘नातीगोती’ नाटकात नोकरी करणारे आईबाप आहेत आणि वयानं वाढलेला, बुद्धीनं न वाढलेला बच्चू आहे. अतुल परचुरे यांनी केलेला बच्चू ज्यांनी पाहिला, त्यांच्या डोक्यातून तो गेला नाही. नाटकाचा सगळा भार आईबापांच्या दमणुकीवर आणि आपल्यामागे याचं काय, या भीतीवर आहे. मुलाला स्वतःला काय आवडतं, त्याचा दिवस कशानं चांगला जातो, हे विचारायला त्या घराकडे सवडच नाही. दळवींनी खोटा दिलासा दिला नाही. त्या काळच्या मराठी घराचं ते खरं चित्र होतं.

तिकडे युरोपात मात्र तंबूचा धंदा झाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डजवळच्या व्हिटिंग्टन हॉल या रुग्णालयात मोठं संवेदनकेंद्र उभं राहिलं. ‘स्नूझेलन’ हा शब्द त्याच परिसरातल्या ‘रॉम्पा’ या साहित्य बनवणाऱ्या कंपनीचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह झाला. खोलीचा एक ठरावीक नमुना तयार झाला. पांढऱ्या भिंती, माणसाच्या उंचीची पाण्याची पारदर्शक नळी, तिच्यातून चढणारे बुडबुडे आणि बदलणारे रंग. नळीला गाल टेकवला की थरथर जाणवते. छतावरून सोडलेल्या प्रकाशतंतूंच्या जुड्या, हातात धरल्या तरी न चटकणाऱ्या. फिरणारा आरशांचा गोळा. संगीताच्या तालावर कंप पावणारी पाण्याची गादी. खोली सुंदर दिसे. देणगीदाराला दाखवण्याजोगी होती, फीत कापण्याजोगी होती.

आणि इथेच घोटाळा झाला. मुलाला चाकाच्या खुर्चीतून आत आणायचं, गादीवर ठेवायचं, दिवे लावायचे, अर्ध्या तासानं दिवे मालवून बाहेर न्यायचं. दिवे लावणार शिक्षक, मालवणार शिक्षक. हार्टेनबर्गच्या तंबूतली मोकळीक संपली होती आणि मूल पुन्हा प्रेक्षक झालं होतं. फक्त आता त्याच्यापुढे पांढऱ्या भिंतीऐवजी रंगीत भिंत होती. 1995 मध्ये हेलन माउंट आणि ज्युडिथ कॅव्हेट यांनी तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी या खोल्यांचा किती उपयोग होतो याचा शोध घेतला आणि उत्साहाला आवर घालायला सांगितलं. 2009 मध्ये लोटान आणि गोल्ड यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. फायदा दिसतो, पण अभ्यासांची बांधणी इतकी ढिली आहे की ठामपणे सांगणं अवघड, असं त्यांचं म्हणणं पडलं.

उत्तराचा धागा मात्र आधीच हाती आला होता. ज्या बाईंनी तो काढला, त्यांची खोली जेमतेम एका खोक्याएवढी होती.

लिली नील्सन या डेन्मार्कच्या. त्यांची काही भावंडं जन्मांध होती. स्वतः सात वर्षांच्या असताना धाकट्या अंध भावाला सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षिका झाल्या. अंध आणि त्याशिवाय इतर अपंगत्व असलेल्या मुलांसोबत काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. मोठी माणसं मुलाच्या हाताला धरून वस्तूवर ठेवतात. मुलाच्या लेखी ती वस्तू कुठूनशी येते आणि कुठेशी नाहीशी होते. नजर असलेलं बाळ पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांकडे बघतं, पाय झाडतं, चिमण्या हलतात. बाळ थबकतं. परत पाय झाडतं. माझ्यामुळे जगात काहीतरी घडतं, हा माणसाचा पहिला शोध अशा शेकडो झटक्यांतून लागतो. हात वाकडे आणि डोळे अंध असलेल्या मुलाला हा शोध लागायची संधीच मिळत नाही.

म्हणून नील्सन यांनी ‘छोटी खोली’ बनवली. पाठीवर झोपवलेल्या मुलाच्या छातीडोक्यावर ठेवता येईल असा, एका बाजूनं उघडा खोका. वरच्या पारदर्शक फळीला वस्तू इतक्या जवळ टांगलेल्या की बोट जरी हललं तरी काहीतरी लागावं, वाजावं, परत जागेवर यावं. चमचे, किल्ल्या, मणी, खरखरीत कापड, रोजच्याच वस्तू. दोन नियम फार कडक. एक, वस्तूंची जागा बदलायची नाही, कारण काल सापडलेली वस्तू आज तिथेच सापडली तरच मूल ती शोधू लागेल. दोन, मूल काही करत असताना जवळच्या मोठ्या माणसानं बोलायचं नाही. ‘शाब्बास’सुद्धा म्हणायचं नाही. शिक्षकांना हा दुसरा नियम सर्वांत जड गेला असणार, मराठी शिक्षकांना तर जाईलच. मुलाच्या खाली त्या पातळ प्लायवूडची उचललेली फळी ठेवत. टाच आपटली तरी ती घुमते आणि अंगाला जाणवते.

यंत्रांनी तीच वाट पुढे नेली. इंग्लंडमधले एडवर्ड विल्यम्स हे संगीतकार. ‘लाइफ ऑन अर्थ’ या गाजलेल्या निसर्गमालिकेचं संगीत त्यांचं. त्यांनी नर्तकांसाठी ‘साउंडबीम’ नावाचं यंत्र बनवलं. न दिसणारा ध्वनिलहरींचा झोत हवेत सोडायचा, त्यात हालचाल झाली की तिचे सूर व्हायचे. नर्तकांपेक्षा ते विशेष शाळांत जास्त रुजलं, कारण त्याला पापणीएवढी हालचालही पुरते. तळहाताएवढ्या एका बटणावर पंखा, दिवा, ध्वनिफीत चालवायची सोय याच काळात शाळाशाळांत आली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपीय निधीतून ‘मीडिएट’ नावाची षट्कोनी फिरती खोली बनली. तिची जमीन पावलांना आवाजानं आणि भिंती स्पर्शाला रंगानं उत्तर देत. स्वमग्न मुलं तिच्यात एकेकटी शिरत.

पुरावा यायला मात्र 2021 उजाडलं. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी 4 ते 12 वयाची 41 स्वमग्न मुलं बहुसंवेदी खोलीत पाहिली. एकदा सगळी साधनं मुलांच्या हाती दिली, एकदा तीच साधनं आपोआप बदलत ठेवली. नियंत्रण मुलांकडे असताना त्यांचं लक्ष जास्त टिकलं, आणि तेच तेच हातवारे, झुलणं कमी झालं. खोली तीच, दिवे तेच, बटण फक्त दुसऱ्या हातात. शंभर देणगीफलकांपेक्षा मला हा एक निष्कर्ष मोलाचा वाटतो.

आता आपल्याकडचा हिशेब. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि ‘बहुविकलांग’ हा त्यांत स्वतंत्र प्रकार नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व यांकडे पहिल्यांदा वेगळं पाहिलं. 2012 मध्ये शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन तीव्र वा बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. वाहनाची सोय नसलेल्या वाडीतल्या आईला ही दुरुस्ती वरदान वाटू शकते. पण ‘घरीच राहू दे’ म्हणायला शाळेलाही त्यातून कायद्याचा आधार मिळाला, हेही बघायला हवं. घरच्या शिक्षणाची मदार गटसाधन केंद्राकडून अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षकावर, म्हणजे त्याच्या पिशवीत काय आहे त्यावर.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला आरंभ झाला. अंगणवाडी आणि शाळांतून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची आणि ज्यांना गरज आहे त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी ही रचना. व्यवसायोपचार आणि संवेदनांवरची कामं सरकारी आराखड्यात आली ती इथे. 2016 च्या कायद्यानं प्रकार 21 केले आणि बधिर-अंधत्वासह बहुविध अपंगत्वाला आपलं नाव मिळालं. 2023 मध्ये नागपूरला पारडी परिसरात सुमारे 12 कोटी रुपये खर्चाचं, 90 हजार चौरस फुटांचं ‘अनुभूती’ उद्यान जाहीर झालं. त्याच्या आराखड्यात स्पर्श आणि गंधाची बाग आहे, जलोपचार आहे.

90 हजार चौरस फूट ऐकून आनंद वाटतो. पण मालवणहून ओरोसचं जिल्हा रुग्णालय पंचवीस-तीस किलोमीटर, मोठ्या उपचारासाठी लोक धरतात ती गोव्यातली बांबोळी शंभरच्या वर, आणि नागपूर तर दुसरं टोक. दहा-बारा वर्षांच्या, ताठ झालेल्या अंगाच्या मुलाला कडेवर घेऊन एसटी पकडणाऱ्या आईला आठवड्यातून दोनदा कुठलंच केंद्र परवडत नाही. आणि समजा, उद्या कुणी मालवणात बुडबुड्यांची नळी आणून बसवली, तरी खाऱ्या हवेत तिचा पंप आणि पावसाळ्यात तिची वीज किती महिने टिकेल, हे इथला कुठलाही वायरमन सांगेल.

नील्सनबाईंचा खोका मात्र इथे टिकेल. त्याला वीज लागत नाही. करवंटी, घासलेले शिंपले, काथ्याची वेणी, जाळ्याचे बोये, पितळी चमचा, देवघरातली जुनी घंटी एवढ्यावर तो भरतो. वस्तू घट्ट बांधलेल्या हव्यात, सुटून तोंडात जाण्याएवढ्या लहान नकोत, आणि फिट येणाऱ्या मुलासाठी लुकलुकते दिवे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. खोक्यात काय टांगायचं हे मूल बघून ठरवायचं, म्हणून पहिल्यांदा एखाद्या व्यवसायोपचारतज्ज्ञाला किंवा विशेष शिक्षकाला शेजारी बसवावं.

वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला, मंडळाच्या रौप्यमहोत्सवाला विशेष मुलांसाठी काही द्यावं असं आपल्याकडे अनेकांना वाटतं आणि बहुतेकदा टीव्ही दिला जातो. कृपा करून तो देऊ नका. त्याचं बटण दुसऱ्याच्याच हातात राहतं. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी करणारे कारागीर अजून बसतात. एखाद्या विशेष शिक्षकाला घेऊन त्यांच्याकडे जा, मुलाच्या अंगाचं माप द्या आणि एक खोका करून घ्या.